उणे पंचवीस हजार दोनशे सोळा

रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला. "मामा, पुस्तकांची लिस्ट पाठव ना. मॅथ्स, कॉम्प्युटर, प्रोग्रॅमिंग. चॅटजीपीटीला विचारलं तर त्याने चाळीस नावं दिली. एवढी कोण वाचतं? तू वाचलेली सांग."

शेवटच्या तीन शब्दांनी पंचाईत केली. नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीला वाटतं, मामाच्या घरी भिंतभर पुस्तकं आहेत म्हणजे ती त्याने वाचलेलीच असणार. मी उठून कपाटासमोर उभा राहिलो आणि खरंखुरं मोजायला लागलो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली चार निघाली. बाकी कुठे पन्नासाव्या पानावर पीएमटीचं तिकीट अडकलेलं, तर एका जाडजूड ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात कुणाची तरी लग्नपत्रिका. त्या जोडप्याची मुलगी आता दहावीला आहे.

पण चाळता चाळता एक लक्षात आलं. जी चार पुरी झाली आणि जी दहाबारा अर्धवट राहूनही मी कधी रद्दीत घातली नाहीत, त्या सगळ्यांच्या समासात पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं आहे. कोरी राहिलेली मागच्या घरबदलात गेली, आणि ती कोणती होती हे आता आठवतही नाही. म्हणजे यादी द्यायची तर या खरडपट्टीचीच द्यायला हवी. ती जिथून सुरू झाली तो आकडा शीर्षकात आहे.

साल २०००. आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण मशीनला धूळ चालत नसे. एका मशीनवर दोघं. टर्बो सीचा तो निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं, आणि प्रोग्रॅम चालवून उत्तर पाहायला अल्ट-एफ-फाइव्ह दाबायचं. त्या दिवशी फॅक्टोरियल होतं. पाच दिले की १२०, सहा दिले की ७२०, सात दिले की ५०४०. सगळ्यांचं येत होतं, सगळे जर्नलमध्ये उतरवत होते. मी सहज आठ दिले. पडद्यावर आलं: -२५२१६.

एकपासून आठपर्यंतच्या संख्यांचा गुणाकार. सगळ्या अधिक, आणि उत्तर उणे. आठवीतल्या पोरालाही हे खपलं नसतं. मी प्रोग्रॅम तीनदा तपासला, पार्टनरने चौथ्यांदा. मग सरांना बोलावलं. सरांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सातच्या वर टाकू नकोस. एक्स्टर्नल पाचच विचारतात." जर्नलवर सही झाली. एक्स्टर्नलनी खरोखर पाचच विचारले.

उत्तर सापडलं ते होस्टेलवर, एका सीनियरच्या टेबलावर पडलेल्या स्पायरल बाइंडिंगच्या झेरॉक्समध्ये. कर्निहन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज'. त्यातला डेनिस रिची म्हणजे सी ही भाषा घडवणाराच, बेल लॅब्समधला. पुस्तक पहिल्यांदा आलं १९७८ साली, आणि माझ्या हाती होती ती १९८८ची दुसरी आवृत्ती. पावणेतीनशेच्या आत पानं. त्यात एके ठिकाणी अगदी कोरडेपणाने सांगितलं होतं की इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचं माप, किती मोठा असेल ते मशीनवर ठरतं, सोळा बिटांपेक्षा (शून्य-एकच्या सोळा घरांपेक्षा) कमी मात्र नसतो. एवढंच. पण तेवढ्या ओळीने माझं डोकं चालायला लागलं. सोळा बिट म्हणजे ६५,५३६ वेगवेगळे नमुने. त्यातले अर्धे उणे संख्यांना दिलेले. म्हणजे वर जाऊन जाऊन जायचं ३२,७६७ पर्यंत. आठचं फॅक्टोरियल ४०,३२०. मावत नाही. मग स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर जसा गुपचूप शून्यावर येतो, तसा हा काटा फिरून उणे बाजूला निघाला. जर्नलच्या मागच्या पानावर वजाबाकी केली: ४०,३२० वजा ६५,५३६. आली उणे २५,२१६. बरोब्बर.

मशीन चुकलंच नव्हतं. त्याच्याकडे पायलीभरच माप होतं आणि मी त्यात मण ओतला होता. रात्री दोन वाजता ती वजाबाकी जुळल्यावर जे वाटलं, ते मी नंतर पगारवाढीच्या पत्रातही शोधलं. नाही सापडलं.

तर पहिलं नाव हे. पण भाचीला बजावून सांगणार आहे की पहिलंवहिलं पुस्तक म्हणून ते घेऊ नकोस. ते सावकाश शिकवत नाही आणि समजूतही काढत नाही. एकही वाक्य जादा नाही, त्यामुळे एक जरी वगळलं तरी पुढच्या पानावर ठेचकाळायला होतं. माझ्या पिढीची सुरुवात झाली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'पासून. कर्निहन-रिची वाचल्याचं सांगणारे लोक कानेटकरांचं नाव घ्यायला लाजतात, हा मला शुद्ध कृतघ्नपणा वाटतो. इंग्रजी माध्यमाची सवय नसलेल्या हजारो पोरांना पॉइंटर म्हणजे काय ते त्या माणसाने समोर बसवून सांगितलं. मीही त्यातलाच. कानेटकरांनी बोट धरून चालवलं, आणि रिचीने बोट सोडलं. दोन्ही लागतं.

आता थोडं मागे जातो, कारण माझ्या कपाटातलं सगळ्यात जुनं पुस्तक बेल लॅब्समधल्या त्या पुस्तकाच्या सव्वाआठशे वर्षं आधीचं आहे.

मी चाळीसगावचा. आमच्या शाळेची सहल ठरलेली: पाटणादेवी. गावापासून अठरा-वीस किलोमीटर, डोंगराच्या कुशीत, गौताळ्याच्या जंगलात. डबे खायचे, धबधब्यात भिजायचं, माकडांनी कुणाची तरी पुरी पळवायची. सर सांगायचे, "इथे भास्कराचार्य होऊन गेले." आम्ही हो म्हणायचो आणि पुन्हा पाण्यात. भास्कराचार्य गावचे म्हणजे आपलेच, त्यांचं वाचायचं काय, असा सगळा मामला.

तिथला शिलालेख १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाचा तो लेख आहे, १२०७ सालचा. नातवाने आजोबांच्या पुस्तकांसाठी शाळा काढली आणि तिथल्या सामंताने त्या शाळेला उत्पन्न लावून दिलं. हे मला कळलं पुण्याला आल्यावर, नोकरी लागल्यावर, अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात ना. ह. फडक्यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' हातात आल्यावर. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथावरचं, १९७१चं पुस्तक. मूळ श्लोक, मराठी अर्थ आणि आजच्या बीजगणितात केलेली उकल. दुकानदाराने पुठ्ठ्यावरची धूळ माझ्याच शर्टाला पुसली.

लीलावतीतलं बेरजेचं पहिलंच उदाहरण बघा. 'अये बाले लीलावति' अशी हाक मारून आचार्य सांगतात, २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज कर, आणि ती दहा हजारातून वजा कर. मी उभ्या उभ्या दुकानातच बेरीज केली. ३६०. कसल्याही वाटाव्यात अशा सात संख्या, आणि बेरीज वर्तुळाच्या अंशांइतकी! योगायोग असेल, नसेल. माझा समज असा की शिकवण्यात मुरलेला माणूस पहिल्याच उदाहरणात पोराच्या हातावर खडीसाखर ठेवतो.

आणि ते भुंगे. थव्याचा एक पंचमांश कदंबावर गेला, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, त्या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर. एक उरला, केतकी आणि मालती अशा दोघींचा वास एकदम आल्यामुळे मधल्या मध्ये घुटमळणारा. थवा किती? समीकरण मांडाल तर दोन ओळींत सुटतं. पण मला खरी मजा वाटते ती त्या उरलेल्या एकाची. गणिताला तो 'एक' हवाच होता, त्याच्याशिवाय उत्तर निघत नाही. कवीने त्या एकाला उरण्याचं कारण दिलं. बारावीपर्यंत मी ज्या टाक्या भरल्या आणि रिकाम्या केल्या, त्यातल्या एकाही नळाला कुणी कारण दिलं नव्हतं.

लहानपणी ऐकलेली ती घटिकापात्राची गोष्ट, लीलावतीच्या नथीतला मोती पाण्यात पडला, छिद्र बुजलं आणि लग्नाचा मुहूर्त टळला, ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात कुठेच नाही हेही तेव्हाच कळलं. ती येते अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात. थोडं वाईट वाटलं. मग वाटलं, गणिताच्या पुस्तकाला दंतकथा चिकटावी इतकं ते लोकांनी घरातलं मानलं, हेही काही कमी नाही.

अजून एक गंमत, खास प्रोग्रॅमरसाठी. आपला जन्म शके १०३६ मधला हे आचार्य सांगतात ते 'रसगुणपूर्णमही' असं. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी एक. ६, ३, ०, १. वाचायचं उलटीकडून, एककापासून. इंटेलच्या चिपमध्ये संख्येचा सगळ्यात हलका बाइट, म्हणजे आठ बिटांचा तुकडा, आधी ठेवतात, त्याला लिटल-एन्डियन म्हणतात. आचार्य लिटल-एन्डियन होते. आणि आपणही आहोत: पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस नंतर. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीवर होत्या आणि त्यांनी शांतपणे त्यामागचं कारण सांगितलं. मी तेव्हा टिंगल करणाऱ्यांत होतो. नंतर त्यांचं 'गणितगप्पा' वाचलं आणि टिंगल गिळली. भाचीच्या धाकट्या भावासाठी ते पुस्तक मी आधीच बाजूला काढून ठेवलंय.

लीलावतीच्या शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यातला प्रश्न असा: शंकराला दहा हात, दहा आयुधं. आयुधांची हातोहात अदलाबदल केली तर मूर्ती किती तऱ्हेच्या होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूला चारच हात, त्याच्या चोवीस. मी ते वाचलं आणि हसू फुटलं. हे तर दहाचं फॅक्टोरियल! आमच्या लॅबमधल्या टर्बो सीला विष्णू झेपला असता. शंकर नसता झेपला.

आणि याच सुताने मी सगळ्यात अवघड पुस्तकापर्यंत पोचलो. डोनाल्ड कनूथ यांचं 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'. (आडनावातला 'क' उच्चारायचा, ते स्वतःच तसं सांगतात.) १९६२ साली कंपायलरवर (आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमवर) एक पुस्तक लिहायचं म्हणून बसले. पहिला खंड आला १९६८ला, दुसरा १९६९ला, तिसरा १९७३ला. चौथ्याचा पहिला भाग यायला २०११ उजाडलं आणि दुसरा आला २०२२ साली. मधे एवढं अंतर का, तर दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती छापायला गेली तेव्हा गणिताची अक्षरं पहिल्यासारखी देखणी येईनात. म्हणून कनूथ यांनी पुस्तक बाजूला ठेवून अक्षरजुळणीची 'टेक' ही अख्खी प्रणालीच लिहून काढली. आज जगातले गणिती आपले लेख त्याच प्रणालीवर बेतलेल्या साधनांनी छापतात. घर रंगवायचं राहिलं म्हणून रंगाचा कारखाना काढणारा हा माणूस.

मी त्यांचे खंड वाचलेत असं म्हणणार नाही. ते माझ्याकडे आहेत, एवढंच. पण चौथ्या खंडाच्या पहिल्या भागात, सगळे क्रम आणि सगळ्या निवडी एकामागून एक कशा मांडाव्यात याचा इतिहास सांगताना, कनूथ छंदशास्त्रकार पिंगलापाशी जातात, नारायण पंडिताच्या १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'पाशी जातात, आणि शार्ङ्गदेवापाशीही. तिथे मी खुर्चीतून उठलो. शार्ङ्गदेव, 'संगीतरत्नाकर' लिहिणारा, देवगिरीचा. राजा कोण? सिंघण. म्हणजे तोच यादव राजा, ज्याच्या पदरी भास्कराचार्यांचा नातू ज्योतिषी होता. चाळीसगावहून घाट चढून वर गेलं की कन्नड, पुढे वेरूळ, दौलताबाद. आम्ही शाळेत असताना हीसुद्धा सहलच होती.

सात स्वर, प्रत्येक एकदाच, क्रम बदलत गेलं तर ताना होतात ५०४०. शार्ङ्गदेव नुसता आकडा सांगून थांबत नाही. ताना ओळीने लिहायची पद्धत देतो. आणि मग दोन उलटसुलट प्रश्न सोडवून दाखवतो: हजाराव्या क्रमांकाची तान कोणती, ही 'नष्ट'ची रीत, आणि हातातल्या या तानेचा क्रमांक किती, ही 'उद्दिष्ट'ची. मधल्या ताना न लिहिता. त्यासाठी खंडमेरू नावाचा आकड्यांचा जिना आहे. आजही इंटरव्ह्यूला विचारतात हा प्रश्न, फक्त सारेगमच्या जागी एबीसीडी असते.

पाच हजार चाळीस. सातचं फॅक्टोरियल. आमच्या लॅबच्या मापात मावणारं शेवटचं.

कनूथ यांच्या पुस्तकाचं खरं वैभव त्यातल्या प्रश्नांत आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पन्नास असा कस लावलेला. शून्य म्हणजे बघताक्षणी सुटणारा, पन्नास म्हणजे जगात अजून कुणालाच न सुटलेला. फर्माचा शेवटचा सिद्धान्त त्यात सरावाचा प्रश्न म्हणून होता, पन्नासाचा. अँड्र्यू वाइल्स यांनी तो सिद्ध केल्यावर पुढच्या आवृत्तीत त्याचा कस पंचेचाळीसवर आला. मी दहा-बाराच्या पुढे फारसा गेलेलो नाही. पंचविसाचा एक सुटला, त्याला अठरा दिवस लागले, आणि शेवटी कळलं की माझं उत्तर लांबलचक पण बरोबर आहे. त्या पानावर तारीख घातली आहे.

आणि एक: त्यांच्या पुस्तकात कुणी चूक दाखवली तर कनूथ पैसे देतात. दर चुकीला दोन डॉलर छप्पन्न सेंट. कारण २५६ म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचे शंभर, एक षोडश-डॉलर म्हणा. कितीतरी वर्षं खरे चेक जात, लोक ते वटवायचे सोडून चौकटीत लावून भिंतीवर टांगत. पुढे चेकवरच्या खातेक्रमांकांचा गैरवापर व्हायला लागला तेव्हा २००८पासून त्यांनी 'बँक ऑफ सॅन सेरिफ' या काल्पनिक बेटावरच्या काल्पनिक बँकेत लोकांची खाती काढून दिली.

आता जे पुस्तक मी भाचीला सगळ्यात आधी देणार आहे ते. जॉन बेंटली यांचं 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स'. १९८६ साली आलेलं, मासिकातल्या लेखांचं. पातळ, गप्पिष्ट, गाडीत वाचता येण्यासारखं. त्यात बायनरी सर्चवर एक प्रकरण आहे. बायनरी सर्च म्हणजे काय, तर मोल्सवर्थचा कोश घ्या. 'पायली' शोधायचंय. मध्यावर उघडा. 'न' आला, म्हणजे पुढचा अर्धा. त्याचा मध्य. पुढे गेलो, तर मागचा अर्धा. असं अर्धं अर्धं करत गेलं की लाखभर शब्दांतही सतरा वेळा उघडून काम होतं. शेंबड्या पोराला कळावं इतकं सोपं.

बेंटली यांनी कसलेल्या प्रोग्रॅमरांना हे लिहायला सांगितलं, चांगला दोनेक तासांचा वेळ देऊन. नव्वद टक्के लोकांच्या लिहिण्यात चूक निघाली. कनूथ यांच्या तिसऱ्या खंडाचा हवाला देऊन ते पुढे सांगतात की ही रीत पहिल्यांदा प्रसिद्ध झाली १९४६ला, पण बिनचूक छापली जायला १९६२ साल यावं लागलं. मग ते स्वतः ती पायरीपायरीने लिहितात, प्रत्येक पायरी का बरोबर आहे ते सिद्ध करत. वाचताना वाटतं, संपला विषय.

विषय संपला नव्हता. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की जावा या भाषेच्या लायब्ररीत (तयार प्रोग्रॅमांच्या साठ्यात) आपण लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये नऊ वर्षं एक चूक दडून होती. आणि तीच चूक बेंटली यांच्या पुस्तकातल्या, सिद्ध करून दाखवलेल्या प्रोग्रॅममध्येही आहे. ब्लॉक विद्यार्थी असताना बेंटली यांचं हेच व्याख्यान समोर बसून ऐकलेले. चूक कुठे? मध्य काढण्यात. खालचं टोक अधिक वरचं टोक, भागिले दोन. चौथीतली सरासरी. पण यादी खूप मोठी असेल, १०७ कोटींच्या पुढे, तर ती दोन टोकं मिळवताना बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या वर जाऊ शकते. बत्तीस बिटांच्या इंटचं माप तेवढंच. काटा फिरतो आणि मध्य उणे येतो.

हे मी ऑफिसात वाचलं, जेवणाच्या सुट्टीत. डबा तसाच राहिला. माप मोठं झालं होतं, सोळाचं बत्तीस झालं होतं. चूक तीच, माझी, उणे पंचवीस हजार दोनशे सोळावाली. तेव्हा मला सांगितलं गेलं होतं, सातच्या वर टाकू नकोस. इथे वीस वर्षं कुणी १०७ कोटींच्या वर टाकलं नव्हतं.

बाकीची भराभर सांगून टाकतो. पोल्या यांचं 'हाऊ टू सॉल्व्ह इट', १९४५चं, प्रश्न अडला की कुठलंही पान उघडायला. सलग वाचाल तर कंटाळाल. पेटझोल्ड यांचं 'कोड': रात्री समोरासमोरच्या खिडक्यांतून बॅटरीने खुणा करणाऱ्या दोन मित्रांपासून निघून तारयंत्राच्या रिलेतून थेट कॉम्प्युटर उभा करून दाखवतं. आईबाबांना आपण काय करतो ते सांगायचं असेल तर हे द्यावं. ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मन्थ', १९७५: रखडलेल्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी रखडतं. हे नोकरी लागल्यावर वाचायचं, आधी वाचून कळणार नाही आणि नंतर वाचून उपयोग नाही, कारण मॅनेजरने वाचलेलं नसतं. एबल्सन आणि ससमन यांचं 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स' हे एमआयटीचं जांभळं पुस्तक मी दोनदा सुरू केलं आणि दोनदा चौथ्या प्रकरणात आडवा झालो. तिसऱ्यांदा करणार आहे. 'एकवीस दिवसांत' अमुक शिका अशा नावाचं काहीही घेऊ नये. एकवीस दिवसांत लोणचं मुरतं.

आणि रशियन पुस्तकं. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून बाबांनी आणलेलं पेरेलमान यांचं गणिताच्या करमणुकीचं इंग्रजी पुस्तक माझ्याकडे अजून आहे, पुठ्ठा निघालेला. हा माणूस १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने गेला, हे मला चाळिशीत कळलं. त्यानंतर त्या पुस्तकातली रमतगमत सांगितलेली कोडी वाचताना घशाशी काहीतरी येतं.

कापरेकरांचं पुस्तक मात्र देता येत नाही, कारण ते आपल्या छोट्या छोट्या पुस्तिका पदरमोड करून छापायचे. देवळालीचे शाळामास्तर. चाळीसगावहून मुंबईला जाताना देवळाली लागतं, आणि प्रत्येक वेळी मी खिडकीत बसून एकच खेळ खेळतो. समोरच्या डब्यावरच्या नंबरातले चार आकडे घ्यायचे. समजा ३५२४. आकडे उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही करा, ६१७४च. चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं, सात वजाबाक्यांच्या आत तिथेच पोचतो. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा जगाला कापरेकर कळले. डेमलो संख्या हे त्यांच्याच एका शोधाचं नाव, आणि डेमलो म्हणजे आपली डोंबिवली. तिथल्या स्टेशनात सुचलं म्हणून.

तर मी भाचीला यादी पाठवलीच नाही. एका कोऱ्या कागदावर पेनाने बायनरी सर्च लिहिलं, सीमध्ये, आणि फोटो काढून व्हॉट्सॲप केला. खाली लिहिलं, "यात चूक काढ. मग पुस्तकं."

खरं सांगायचं तर चूक नव्हतीच. ब्लॉक यांचा धडा गिरवून मध्य काढताना मी बेरीज टाळली होती: वरच्यातून खालचं वजा, त्याचं अर्धं, आणि ते खालच्यात मिळवलेलं. वर आणखी शहाणपणा म्हणून दोन्ही टोकं उण्यात जाऊच शकणार नाहीत अशा अनसाइन्ड प्रकारात घेतली होती. जागेचा क्रमांक उणे कशाला हवा? ती चार दिवस डोकं खाजवेल, मग मी म्हणेन, चूक नाहीच, आता सिद्ध करून दाखव. असा बेत.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या रात्री, पुन्हा साडेअकरालाच:

"मामा, यादीतल्या सगळ्यात लहान नंबरपेक्षाही लहान नंबर शोधला तर?"

मी लिहिलं, "तर सापडणार नाही. उणे एक परत येईल."

"नाही येत. क्रॅश होतो."

तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आठ आकड्यांची यादी, पेन्सिलीने. वरचं टोक सातवरून दोनवर, दोनवरून शून्यावर. मध्य शून्य. तिथला आकडाही मोठाच, म्हणून वरचं टोक शून्यातून एक मागे. आणि अनसाइन्डमध्ये शून्यातून एक मागे म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. त्या आकड्याखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या आणि बाजूला एक स्कूटर काढली होती. म्हणजे स्कूटरच असावी.

काटा या खेपेला उलटा फिरला होता. मी पंचवीस वर्षांनी, माप उणं होऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्तातच पुन्हा त्याच खड्ड्यात.

मी जीपे उघडलं आणि तिला दोनशे छप्पन्न रुपये पाठवले.

मिनिटभरात उत्तर आलं. "थँक्यू मामा. पण २५६च का?"